चार तुकड्यांचा ट्रॅव्हल रॉड: हिप्परग्यावर तपासला, लॅपलँडला वापरला

आमचे दाजी स्वीडनला नोकरीला आहेत, दोन वर्षं मागं लागले होते की जुलैत ये, उत्तरेकडच्या लॅपलँडला जाऊन पाईक मासा धरू. तिकडं त्याला येद्दा म्हणतात. तळ्याकाठी लाकडी घर, एक होडी, आणि जवळातलं जवळ दुकान गाडीनं दोन तासावर, म्हणजे मासेमारीचा रॉड मोडला की विषय संपला, त्यामुळं मी महिनाभर नुसता रॉडच बघत होतो.

आधी ऑनलाइन टेलिस्कोपिक, म्हणजे एकात एक सरकणारा, घेतला, दीड फुटात मावतो म्हणून. सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावाच्या बांधावर जाऊन गळ न लावता नुसतं ४० ग्रॅमचं शिसं बांधून फेकलं तर तिसऱ्याच कास्टला मधला तुकडा घसरून आत गेला. पैसे गेले त्याचं वाईट वाटलंच, पण हे तिकडं झालं असतं तर?

मग हा घेतला, चार तुकड्यांचा कार्बनचा, ८ फुटी, साडेसहा हजाराला. एकेक तुकडा साधारण सव्वादोन फुटाचा, मोठ्या सुटकेसमध्ये तिरका बसतो. सोबतची पिशवी पातळ आहे, तिच्यावर भरवसा ठेवू नका, मी सोलापुरी चादरीत गुंडाळून नेला, एक ओरखडा नाही.

मुठीच्या वर २०-६० ग्रॅम लिहिलंय. बरेच जण समजतात ते माशाचं वजन, तसं नाही ओ, ते लुअरचं, म्हणजे नकली आमिषाचं वजन, एवढ्या वजनाचा लुअर हा रॉड नीट फेकतो. पाईकला चमच्याच्या आकाराचे मोठे लुअर आणि रबरी मासे लागतात, माझ्या लुअरच्या पाकिटांवर वजनच नव्हतं म्हणून शेजारच्या सोनाराच्या काट्यावर तोलून घेतले, सगळ्यात जड ५५ ग्रॅमचा निघाला. तेव्हा कळलं की माझा मरळीचा जुना रॉड यात तग धरणार नव्हता.

आता खरी गोष्ट, जोड. या रॉडचा शेंड्याकडचा जोड पंधरा-वीस कास्टनंतर हळूच फिरतो, तंगूस ज्यातून जाते त्या कड्या एका रेषेत राहत नाहीत, आणि तसंच फेकत राहिलं तर जोडाच्या तोंडाशीच कार्बन चिरतो. हे मला बांधावरच दिसलं. आत जाणाऱ्या टोकाला साधी मेणबत्ती घासली, तेव्हापासून निम्म्यानं कमी झालं, तरी तिकडं दर दहा कास्टला बोटानं जोड दाबून बघायची सवयच लावून घेतली. कंपनीनं हे पत्रकात लिहायला पाहिजे होतं.

तिकडं पाच दिवस रोज सहा-सात तास वापरला. पाईक पाणवनस्पतीत दबा धरून बसतो आणि एकदम झडप घालतो, तोंड हाडाचं कडक, त्यामुळं शेंडा नुसता लवचिक असून चालत नाही, खालच्या भागात ताकद पाहिजे, नाहीतर गळ रुततच नाही. ती ताकद यात आहे. सगळ्यात मोठा मासा होडीजवळ येऊन थेट होडीखाली घुसला, रॉड मुठीपर्यंत वाकला, मी रीलचा ड्रॅग, म्हणजे तंगूस अडवणारा ब्रेक, सैल केला आणि शेंडा पाण्यात बुडवून होडीच्या टोकाला वळसा घातला, दाजी ओरडत होते सोड सोड, पण तिन्ही जोड टिकले. पक्कडीनं गळ काढून मासा सोडून दिला. त्याच्या दातांनी स्टीलच्या लीडरवरचं, म्हणजे लुअरच्या आधी लावायच्या तारेवरचं, प्लास्टिक सोललं होतं, साधी तंगूस असती तर एका चाव्यात गेली असती, लीडर न लावता पाईकच्या मागं जाऊच नका.

एक उणीव मोठी आहे, जादा शेंडा सोबत देत नाहीत. एवढ्या लांब जाणाऱ्यानं एक तर जादा शेंडा मिळणारा रॉड बघावा नाहीतर दुसरा स्वस्तातला रॉड न्यावा. आणि कार्बनमधून वीज जाते, आपल्याकडं तलावाकाठच्या शेतातून तारा गेलेल्या असतात, जोडलेला रॉड उभा धरून त्यांच्याखालून अजिबात चालू नका.

उजनीच्या मरळीसाठी विचारत असाल तर हा घेऊ नका. बेडकाचा लुअर १०-१२ ग्रॅमचा, या रॉडवर तो लांब जातच नाही, मी टेंभुर्णीकडं दोनदा जाऊन बघितलंय.