आयटीआयवाल्यांनो, ‘कॉलेजला न जाता बीटेक’च्या नादी लागू नका. माझे १,२५,५०० गेले

दहावीनंतर आयटीआय फिटर, मग अप्रेंटिसशिप, मग एमआयडीसीत चौदा वर्षं बेंचवर. डिप्लोमाचा पोरगा येतो, माझ्याकडून मायक्रोमीटर धरायला शिकतो आणि दोन वर्षांत माझाच सुपरवायझर होतो. हे ज्यांनी सोसलंय त्यांना मी डिग्रीच्या मागे का लागलो ते सांगायला नको. ‘कॉलेजला न जाता बीटेक’ विकणाऱ्या त्या सेंटरवाल्यालाही आमची ही दुखरी नस बरोबर ठाऊक होती.

सुरुवातीला तो सगळं खरंच बोलला. दहावी आणि दोन वर्षांचा आयटीआय असेल तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, आणि डिप्लोमावरून डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. खरं आहे. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात (शिक्षणाचे गुण, म्हणजे क्रेडिट, मोजायची सरकारी पद्धत) कामाचा अनुभवही धरला जातो. तेही खरं. आराखड्याची प्रिंट त्यानं माझ्यापुढे ठेवली, ओळींखाली पेनानं रेघा मारलेली. मग म्हणाला, “साहेब, तुमच्या अनुभवाचे क्रेडिट जमा करू. दीड वर्षात रेग्युलर बीटेक, ड्यूटी सोडायची गरज नाही.” एवढ्या खऱ्या गोष्टींत मिसळलेलं हे एक खोटं कुणाला निवडून काढता आलं असतं, सांगा!

पैशांचा हिशेब असा: नोंदणी ५,०००. ४०,००० चे दोन हप्ते. ‘एलिजिबिलिटी व मायग्रेशन’ १८,५००. शेवटी ‘व्हेरिफिकेशन’ २२,०००. यातले ६०,००० पतसंस्थेचे, ते अजून फेडतोय.

पहिल्या हप्त्याला क्यूआर स्कॅन केला तर मोबाइलवर नाव आलं कुठल्याशा ट्रेडर्सचं. विद्यापीठ परराज्यातलं, डिग्री इंजिनिअरिंगची, आणि पैसे ट्रेडर्सला! पिन टाकायचा बाकी होता. तिथंच उठायला हवं होतं, हे आठवलं की आजही झोप उडते. पण मी विचारलं नाही असं नाही. “विद्यापीठाच्या खात्यात भरलं तर जीएसटी पडेल, तुमचेच वाचवतोय,” तो म्हणाला. शेजारी आणखी तिघं फॉर्म भरत बसलेले, भिंतीवर पदवीदानाचे फोटो. मी पिन टाकला. पावतीवरही विद्यापीठाचं नाव नव्हतं, नुसतं ‘करिअर मार्गदर्शन शुल्क’. पैसे विद्यापीठाच्याच खात्यात जात नसतील तर तिथून निघा, कारण काहीही सांगोत.

मार्कशीट आली तेव्हा प्रवेशाचं वर्ष २०१९ छापलेलं. मी बॅकडेट मागितलं नव्हतं. “अनुभवाची वर्षं धरलीत,” म्हणाला. मी ती प्रमोशनसाठी कंपनीत दिली. एचआरनं विद्यापीठाला पत्र पाठवलं, उत्तर आलं: या नावाचा विद्यार्थी आमच्या नोंदीत नाही. प्रमोशन राहिलं बाजूला, हातात कारणे दाखवा नोटीस पडली. चौदा वर्षांत एक मेमो नाही माझ्या नावावर!

पोलीस ठाण्यात गेलो तर साहेब म्हणाले, “बनावट मार्कशीट तुम्हीच कंपनीत दिलीत, गुन्हा तुमच्यावरच होईल.” म्हणजे लुटला गेलो मी आणि आरोपीही मीच. पैसे ऑनलाइन गेले म्हणून सायबरकडे पाठवलं. सायबरवाले म्हणाले, तुम्ही स्वतःच्या हातानं भरलेत, ठाण्यातच जा. आर्थिक गुन्हेवाल्यांना रक्कम लहान वाटली. माझा सहा महिन्यांचा पगार यांना लहान! विद्यापीठानं कळवलं, आमच्या राज्यात येऊन तक्रार द्या. दिल्लीत शिक्षणाच्या वरच्या ऑफिसला मेल केला तर उत्तर आलं, संबंधित विद्यापीठाशी संपर्क साधा. सेंटरचा बोर्ड उतरला, तरी साधा अर्ज घेऊन पोच द्यायला कुणी तयार नाही. यांना पगार कशाचा मिळतो?

इंजिनिअरिंगची डिग्री दूरशिक्षणानं चालत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चार अभिमत विद्यापीठांच्या अशा पदव्यांवर निकाल दिला आणि २००५ नंतरच्या प्रवेशांच्या पदव्या रद्दच केल्या. विद्यापीठ खरं आहे एवढ्यावर जाऊ नका, माझंही खरंच होतं. प्रवेश झाला की विद्यापीठाच्या रजिस्ट्रारला स्वतः पत्र टाका, सेंटरमार्फत नको. नोकरी सांभाळून शिकायचं तर एआयसीटीईनं (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) २०२३ पासून नोकरदारांसाठी संध्याकाळच्या वर्गांना परवानगी दिली आहे, मान्यताप्राप्त कॉलेजात जाऊन चौकशी करा. ‘व्हेरिफिकेशनचे वेगळे’ म्हणाले की सावध व्हा, कागद बनावट असू शकतो. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच दिवशी १९३० ला फोन करा, माझ्यासारखं मार्कशीटची वाट बघत बसू नका.

आमच्या शॉपमधल्या आणखी दोघांनी तिथंच पैसे भरलेत. तिघं मिळून वकिलामार्फत कोर्टात खाजगी फिर्याद दाखल करतोय. ज्यांचे पैसे असेच गेलेत त्यांनी पावत्या, चॅट आणि क्यूआरचे स्क्रीनशॉट पुसू नका. ट्रेडर्सचं ते नाव त्यातच आहे.