उन्हाळी कुर्ता: तयार रेयॉन की शिवलेला सुती?

सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा स्टाइल आधी घामाला विचारून ठरवावी लागते. नवी पेठेत हँगरवरचा रेयॉनचा कुर्ता लगेच डोळ्यात भरतो. झुळझुळीत पडतो, रंग उठून दिसतो, त्याच संध्याकाळी घालून मिरवता येतो. पण रेयॉनचा धागा ओला झाला की कमजोर पडतो. रोज घाम, रोज धुणं, वर जोरात पिळलं की महिन्या-दोन महिन्यांत कुर्ता लोंबायला लागतो.

सुताचं उलट. ओलं झाल्यावर सुती धागा अधिक मजबूत होतो, त्यामुळे रोजच्या धुण्याला पुरून उरतो. अडीच मीटर कापड घ्या, रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा आणि मगच शिवायला टाका, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटतो. (माझा एक असाच धाकट्या बहिणीला गेला.) शिलाई धरून सुती महाग पडतो, शिवाय लग्नसराईत शिंपीदादांचं ‘उद्या या’ ऐकावं लागतं. इस्त्रीची कटकट दोन्हीकडे सारखीच.

एका लग्नापुरतं हवं असेल तर रेयॉन घ्या. रोज ऑफिसला जायचं असेल तर मी दोनच सुती शिवून घेईन, फिक्या रंगाचे, आणि ओढण्या बदलत राहीन.