सोनेतारण कर्ज, सरकारी बँक, नागपूर : पाचपैकी साडेतीन तारे

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. महागडं कर्ज फेडायला स्वस्त कर्ज म्हणून सोनेतारण घेत असाल तर बिनधास्त घ्या. किराणा, लाइटबिल, पोरांची फी भागवायला घेत असाल तर नका घेऊ. किराणा महिन्याभरात संपतो आणि पाटल्या तिकडेच राहतात. बँकेचं नाव लिहीत नाही. साहेबांची बदली झाली की शाखेचा स्वभाव बदलतो, आणि नियम सगळीकडे थोड्याफार फरकानं तेच आहेत.

माझे मिस्टर गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानात सेल्समन होते, पगार २२ हजार. मी घरीच मानेवाड्याला ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. लग्नसराईत बरे सुटतात, एरवी सहा-सात हजार. २०२५ च्या उन्हाळ्यात त्यांना पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली. रात्रीची वेळ, जवळचं खासगी हॉस्पिटल गाठलं, बिल भरलं क्रेडिट कार्डावर आणि उरलेलं मोबाइलमधल्या एका लोन अ‍ॅपवरून. पुढची फिजिओथेरपी मेडिकलला, म्हणजे सरकारी हॉस्पिटलात, सुरू केली, रोजच्या गोळ्या जनऔषधी केंद्रातून आणू लागलो, तिथे खर्च खरोखर उतरला. पण शेठजींनी दोन महिने अर्धा पगार दिला आणि मग हात जोडले. त्यांना तरी काय बोलणार? ज्याला कापडाचं थान उचलता येत नाही तो ठोक दुकानात करणार काय.

तर हिशोब असा होता. कार्डाचे १ लाख २० हजार, अ‍ॅपचे ४५ हजार, आणि स्लॅबसाठी आधीच काढलेलं पर्सनल लोन. महिन्याला कार्डाचा मिनिमम ड्यू सहा हजार, अ‍ॅपचे नऊ, पर्सनल लोनचे ६,८००. म्हणजे पगार बंद आणि हप्ते २१,८००. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाचे बेचाळीस, आणि त्या व्याजावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. मिनिमम ड्यू भरला की फोन येत नाहीत, एवढाच त्याचा उपयोग. मुद्दल जागचं हलत नाही.

सोन्याचा विषय घरात निघाला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मंगळसूत्र सोडून काय न्यायचं ते ने बाप्पा, माझी बोरमाळही ने." मग चौकशी सुरू केली. गल्लीतला एक जण शेकडा पाच रुपये महिन्यानं द्यायला तयार होता, कागद नाही, पावती नाही. परवाना असलेल्या सावकारालाही महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाकडून तारणावर वर्षाला १५ टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हा तर महिन्याला पाच मागत होता. अशाची तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते. २०१४ चा सावकारी कायदा त्यासाठीच आहे. मी फक्त नाही म्हणून आले, शेजारात राहायचं असतं.

दुसरा पर्याय सोन्यावर कर्ज देणारी खासगी कंपनी. एसी, पाण्याची बाटली, अर्ध्या तासात पैसे, आणि ग्रॅममागे रक्कमही बँकेपेक्षा जास्त. पण जाहिरातीतला व्याजदर दर महिन्याला वेळेवर व्याज भरणाऱ्याचा असतो. दोन-तीन महिने चुकले की सवलत जाते आणि दर चढत जातो. आमच्यासारख्या घरात महिना चुकणारच. काउंटरवरच्या मुलाला मी विचारलं, "भाऊ, सहा महिने काहीच नाही भरलं तर किती टक्के?" त्यानं कागद उलटून दाखवला. मी उठले.

मग सक्करदऱ्याची सरकारी बँक. वर्षाला साधारण नऊ टक्के. इथे मात्र वेळ लागतो, आणि माझा अर्धा तारा इथेच गेला. सोनं तपासणारे सराफ रोज येत नाहीत, ठरलेल्या वारीच येतात, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. पावसाळ्याचा उकाडा, कूलर नुसता ओली हवा फेकून राहिला होता, आणि बाकावर आमच्यासारख्याच बाया पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेल्या.

सराफकाका मात्र माणूस पक्का. पाटली हातात घेतली, काळ्या कसोटीच्या दगडावर घासली, त्या पिवळ्या रेघेवर अ‍ॅसिडचा थेंब सोडला आणि रेघ टिकते का ते बघत बसले. टिकली. मग बोरमाळ घेतली. तळहातावर नुसती तोलली आणि परत दिली. "ताई, हे मणी लाखेवरचे आहेत. वरती सोन्याचा पत्रा, आत लाख. बँक नाही घेत." सासूबाई आयुष्यभर ती भरीव समजत होत्या. मी घरी सांगितलं की बँकेला तेवढ्याची गरज पडली नाही. खड्याच्या टॉप्सचंही तेच, खड्याचं वजन वजा. आमच्या मते चार तोळ्यांच्या वर होतं, कागदावर निव्वळ ३१ ग्रॅम उतरलं. त्यावर इतवारीतल्या सराफ्याच्या फळ्यावरचा भाव धरत नाहीत, बँकेचा भाव त्याहून कमी असतो, आणि तेव्हा त्याच्याही ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळत होतं. घडणावळ तर कुणीच मोजत नाही. घरी आकडा लावताना हे सगळं आधीच वजा करा, म्हणजे काउंटरवर तोंड उतरत नाही.

आता कामाची गोष्ट, जी मला भिशीतल्या एका काकूंनी सांगितली. सगळे दागिने एकाच खात्यात ठेवू नका. मी दोन खाती केली: पाटल्यांवर १ लाख ४० हजार, गोफावर ६० हजार. थोडे पैसे जमले की लहान खातं बंद करून तेवढा दागिना सोडवता येतो. एकच खातं असेल तर शेवटच्या रुपयापर्यंत सगळं अडकून राहू शकतं. काउंटरवरच्या मॅडमनी "दोनदा कागद कशाला" म्हणून नाक मुरडलं. मुरडू द्या.

याच मॅडमनी सही घेता घेता विम्याचा एक फॉर्म मध्ये सरकवला, "हा पण लागतो" म्हणून. मी लेखी मागितलं की कर्जासाठी हा सक्तीचा आहे, तर फॉर्म गुपचूप परत गेला. इथे पूर्ण तारा कापला.

दोन लाख हातात आले. त्यातून कार्ड आणि अ‍ॅप दोन्ही संपवले, दोघांकडून खातं बंद झाल्याचं लेखी घेतलं, उरलेले औषधांसाठी ठेवले. सोन्यावरचं व्याज तेव्हा महिन्याला दीड हजार पडत होतं. पर्सनल लोनवाल्या बँकेला वेगळा अर्ज दिला, सोबत डिस्चार्ज कार्ड आणि पगार बंद झाल्याचं शेठजींचं पत्र. त्यांनी मुदत वाढवून हप्ता ४,९०० वर आणला. एकूण व्याज जास्त जाणार आणि सिबिलमध्ये, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदीत, ते पुनर्रचना म्हणून दिसणार, हे माहीत असूनच सही केली. २१,८०० चे ६,४०० झाले. एवढे शिलाईवर निघतात, लग्नसराई नसली तरी. किराण्याला मोठा मुलगा हातभार लावतो. तो कॉलेज करून संध्याकाळी मेडिकल चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात बसतो.

अ‍ॅपवाल्यांचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. हप्ता थकला तेव्हा ते रात्री साडेनऊला फोन करत, एकदा माझ्या भावालाही केला. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे: वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. माझी लेखी तक्रार गेल्यावर रात्रीचे फोन थांबले. दिवसाचे नाही थांबले, पण दिवसा मशीनच्या आवाजात ऐकू कमीच येतं.

नव्यानं कर्ज घेणाऱ्यांसाठी: रिझर्व्ह बँकेनं जून २०२५ मध्ये सोनेतारणाचे नवे नियम काढले, बँकांना ते १ एप्रिल २०२६ पर्यंत लागू करायचे होते. अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत मर्यादा. सोनं तुमच्यासमोरच तपासायचं. पूर्ण फेड झाल्यावर बँकेच्या चुकीमुळे सात कामाच्या दिवसांत दागिना परत मिळाला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला पाच हजार रुपये भरपाई. मात्र ८५ टक्के मिळतात म्हणून पूर्ण उचलू नका. घरखर्चासाठी घेतलेलं, मुद्दल-व्याज शेवटी एकदम भरायचं कर्ज बारा महिन्यांपुरतंच असतं, आणि त्या ८५ टक्क्यांच्या मोजणीत मुदतीअखेरचं व्याजही धरतात. नूतनीकरण होतं, पण साठलेलं व्याज भरल्यावरच.

गोफ दिवाळीच्या शिलाईवर सोडवला. पाकिटाचं सील माझ्यासमोर फोडलं, वजन करून दिलं, तक्रारीला जागा नाही. पाटल्या अजून बँकेत आहेत.

जाणार असाल तर सराफ कोणत्या वारी येतात ते आधी फोन करून विचारा. आधार, पॅन, दोन फोटो आणि असल्यास दागिन्यांची पावती न्या. पावती नसेल तर दागिने आपलेच आहेत असं लिहून द्यावं लागतं. सकाळी बँक उघडताच पोचा, आणि डबा सोबत ठेवा.