क्वीन एलिझाबेथ गुलाब: फुलाला दहापैकी आठ, झाडाला जागा बघून

कलमाच्या चिठ्ठीवर 'ग्रँडिफ्लोरा' हा गुलाबाचा वर्ग लिहिला होता. गुलाबातल्या जाणकारांपैकी कुणी याला फ्लोरिबंडा (झुबक्यांनी फुलणारा, सहसा बुटका गुलाब) म्हणतं, तर कुणी उंच वाढणारा हायब्रिड टी (लांब दांड्यावर एकेकटं मोठं फूल देणारा गुलाब). कित्येक महिने सांभाळल्यावर माझं मत असं, की दोन्ही बाजूंचं अर्धं अर्धं खरं आहे.

हा वाद या झाडाच्या जन्मापासूनचा. अमेरिकेत वॉल्टर लॅमर्ट्स यांनी 'शार्लट आर्मस्ट्राँग' हा हायब्रिड टी आणि 'फ्लोराडोरा' हा फ्लोरिबंडा यांच्या संकरातून ही जात काढली. १९५४ साली ती आली, तेव्हा कुठल्याच वर्गात नीट बसेना, म्हणून तिकडे ग्रँडिफ्लोरा हा नवा वर्गच काढला. ब्रिटिशांनी तो मानला नाही. त्यांच्या लेखी हा फ्लोरिबंडाच.

एकेक फूल पाहिलं तर ते हायब्रिड टीकडे झुकणारं. कळी टोकदार, दांडा लांब आणि जवळजवळ बिनकाट्याचा, फुलदाणीसाठी झकास. पण जोमदार फांदीच्या शेंड्याला झुबका येतो, आणि त्यात मधली कळी सगळ्यांत आधी उमलते. आजूबाजूच्या कळ्या फुलेपर्यंत ती कोमेजलेली असते, म्हणून मधली लवकर खुडायची. झुबका एकदम भरतो. एकच मोठं फूल हवं असेल तर उलट करायचं, मधली ठेवून कडेच्या कळ्या बारीक असतानाच काढायच्या. एकाच झाडावर दोन्ही जमतं, यातच ग्रँडिफ्लोराचं सगळं आलं. मला तो वर्ग पटतो.

रंग स्वच्छ गुलाबी, उमलल्यावर थोडा फिकट होणारा. वास मात्र नावालाच. सुगंधासाठी गुलाब लावणाऱ्यांनी याच्या वाटेला जाऊ नये.

खरी तक्रार उंचीची. झाड सरळसोट वर जातं, सहज माणसाच्या डोक्यावर. फुलं वर, आणि खाली उघडे दांडे. वर्गाचं नाव वाचून हे कळत नाही; 'फ्लोरिबंडा' वाचून कुणी वाफ्याच्या पुढच्या रांगेत लावला, तर मागची सगळी झाडं झाकली जातील. खोल छाटूनही फारसा फरक पडत नाही, नवे फुटवे पुन्हा तितकेच वर जातात. त्यापेक्षा फांद्या कमी-जास्त उंचीवर छाटल्या तर फुलं वेगवेगळ्या पातळ्यांवर येतात आणि बुडही थोडं झाकतं.

पानं जाड, गडद, तुकतुकीत. काळे ठिपके खालच्या पानांवर दिसले, पण पानगळ झाली नाही. बाकी लाड फारसे करावे लागले नाहीत. ऊन मात्र भरपूर हवं.

कुंडीत लावायचा विचार असेल तर दुसरी जात बघा. कुंपणालगत किंवा मागच्या रांगेत जागा असेल तर खुशाल घ्या, दोन झाडांत अंतर मात्र ऐसपैस ठेवा.