रेडिओग्राम कापून फर्निचर करून घेण्यापूर्वी

जुना रेडिओग्राम, म्हणजे रेडिओ आणि तबकड्या वाजवण्याचे यंत्र एकत्र असलेली लाकडी पेटी, कापून त्याच्या लाकडातून पलंगाशेजारची कपाटे, बुटके बाक किंवा पुस्तकांची मांडणी करून देण्याचा व्यवसाय अलीकडे शहरांतून बराच वाढला आहे आणि त्यात प्रामाणिक कारागीरही पुष्कळ आहेत. परंतु याच व्यवसायाच्या आडून आमच्या कुटुंबाची जी फसवणूक झाली, तिची रीतच अशी आहे की ती वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षातही येऊ नये. आमचा रेडिओग्राम मुळात कापलाच गेला नव्हता. तो जसाच्या तसा विकला गेला, त्याच्या नावाखाली आम्हाला नव्या पार्टिकल बोर्डाची, म्हणजे भुसा दाबून केलेल्या फळ्यांची, दोन कपाटे मिळाली आणि न झालेल्या कापणीची मजुरीही आमच्याकडूनच घेतली गेली.

ज्यांच्या घरी रेडिओग्राम नव्हता त्यांच्यासाठी त्याची रचना सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचा सगळा प्रकार त्या रचनेवरच अवलंबून आहे. साधारण पाच फूट लांबीची, चार पायांची बसकी पेटी. वरचे झाकण उचलले की डाव्या बाजूला एकावर एक तबकड्या ठेवून आपोआप वाजवणारा चेंजर, उजवीकडे पांढऱ्या पट्ट्यांच्या बटणांचा, व्हॉल्व्हचा म्हणजे ट्रान्झिस्टरपूर्वीच्या काचेच्या नळ्यांचा रेडिओ, आणि खाली सोनेरी धाग्याच्या कापडाआड स्पीकर. पेटी दिसायला अखंड सागवानाची वाटली तरी बहुतेक संचांत ती प्लायवूडची असून वर सागवानाचे किंवा अक्रोडाचे विनियर, म्हणजे लाकडाचा अगदी पातळ थर, चढवलेले असते. पाठीमागे मात्र लाकूड नसते. तिथे भोके पाडलेला हार्डबोर्डचा पातळ पत्रा स्क्रूंनी बसवलेला असतो, कारण व्हॉल्व्ह चांगलेच तापतात आणि ती उष्णता बाहेर पडावी लागते.

वडिलांनी १९६० च्या दशकात घेतलेला असा संच आमच्याकडे होता. इमारतीचा पुनर्विकास निघाला, भाड्याच्या छोट्या घरात जाण्याची वेळ आली आणि पाच फुटांची पेटी ठेवायला जागा उरली नाही. विकून टाकण्यापेक्षा त्याच लाकडाची दोन छोटी कपाटे व्हावीत, एक दादाकडे राहावे आणि एक माझ्याकडे, असे आम्ही ठरवले. समाजमाध्यमावर एका कार्यशाळेची जाहिरात होती आणि तिच्यात जुन्या पेट्यांची व त्यांतून घडवलेल्या वस्तूंची सुरेख छायाचित्रे होती. त्यातली निम्मी छायाचित्रे परदेशी कारागिरांच्या पानांवरून उचललेली होती, हे नंतर शोध घेतल्यावर कळले. छायाचित्रावरून मूळ पान शोधण्याची सोय आता बहुतेक स्मार्टफोनमध्ये आहे. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी ती जरूर वापरावी.

कार्यशाळेचे चालक स्वतः घरी आले. बोलणे अत्यंत अदबीचे, लाकडाची माहिती चांगली. त्यांनी झाकण उघडून आतले बराच वेळ पाहिले, मागचा पत्रा सोडवला, छायाचित्रे काढली आणि अडतीस हजार रुपये मजुरी सांगून निम्मी रक्कम आगाऊ मागितली. आतली यंत्रे आम्ही आधी काढून ठेवू का, असे दादाने विचारले तेव्हा ते म्हणाले, "दादा, आत करंट साठून राहतो, बंद असला तरी झटका बसतो. तुम्ही हात लावू नका, आमचा माणूस उघडेल. आणि तसंही ते सगळं भंगारच आहे."

यातले पहिले विधान खरे आहे, आणि म्हणूनच ते ऐकणाऱ्याला पटते. व्हॉल्व्हच्या संचात अडीचशे-तीनशे व्होल्टचा दाब असतो आणि वीज बंद केल्यानंतरही कपॅसिटर या वीज साठवणाऱ्या भागात तो काही काळ टिकू शकतो. जाणकार नसलेल्या माणसाने आत हात घालू नये हे योग्यच. पण दुसरे विधान धादांत खोटे होते. आमच्या संचात इंग्लंडच्या गॅरार्ड कंपनीचा चेंजर होता आणि ईएल ८४ व ईसीसी ८३ या क्रमांकांचे व्हॉल्व्ह होते. हे व्हॉल्व्ह आजही गिटारच्या आणि हौशी श्रोत्यांच्या ॲम्प्लिफायरमध्ये वापरले जातात. जुन्या युरोपीय बनावटीच्या व्हॉल्व्हना तर नव्यांपेक्षा जास्त मागणी असते. टेलिफंकन या जर्मन कंपनीच्या व्हॉल्व्हच्या काचेवर, तळाशी पिनांच्या मधोमध, चौकटीसारखी लहानशी खूण असते आणि जाणकार ती खूण पाहूनच किंमत ठरवतात. याचा अर्थ असा की जो गृहस्थ लाकडासाठी आला होता, त्याचे लक्ष पहिल्यापासून आतल्या यंत्रांवर आणि अखंड पेटीवर होते. चालू होऊ शकणारा संपूर्ण संच संग्राहकाला विकणे हे त्यातून कपाटे करण्यापेक्षा कितीतरी फायद्याचे असते. ही एक गोष्ट माहीत असली की पुढचे सगळे उलगडते.

संच टेम्पोने गेला. काही दिवसांनी फोन आला की पेटीची मागची बाजू वाळवीने पोखरली आहे, काही फळ्या नव्या घालाव्या लागतील आणि त्याचे नऊ हजार रुपये वेगळे होतील. सोबत छायाचित्र पाठवले होते. त्यात वाळवीने चाळणी केलेली जाड फळी आणि तिच्यात ठोकलेले खिळे स्पष्ट दिसत होते. वर लिहिल्याप्रमाणे रेडिओग्रामच्या पाठीला फळी नसतेच, भोकांचा हार्डबोर्ड असतो आणि तो स्क्रूंनी बसवलेला असतो. दादाने ही विसंगती लगेच विचारली. उत्तर आले की ही आतली फळी आहे, बाहेरून दिसत नाही. पेटी बघायला येतो म्हटल्यावर कार्यशाळेत रंगकाम चालू आहे, वास सहन होणार नाही, अशी कारणे निघाली. ज्या कारागिराला लपवायचे नसते तो चालू काम दाखवायला आनंदाने बोलावतो, असा माझा आजवरच्या सुतारांबाबतचा अनुभव आहे.

कपाटे आली ती दिसायला देखणी होती. झळझळीत पॉलिश, पितळी मुठी, जुन्या पेटीचे चार पाय म्हणून लावलेले निमुळते पाय. पहिल्या पावसाळ्यात एका कपाटाची खालची कड फुगली आणि तिथले विनियर पापुद्र्यासारखे सुटले. आमच्या ओळखीचे एक वयस्कर सुतार आहेत, त्यांना बोलावले. त्यांनी कपाट उलटे केले, खण बाहेर काढले आणि फुगलेल्या कडेवर नखाने खरवडले. लाकडाच्या उभ्या-आडव्या थरांऐवजी भुसा हाताला लागला.

त्यानंतर त्यांनी जे समजावून सांगितले ते प्रत्येकाने लक्षात ठेवावे. एका लांब पेटीच्या दोन छोट्या पेट्या करायच्या तर बाहेरच्या दोन बाजू जुन्या राहतात, आणि जिथे काप जातो तिथल्या दोन बाजू नव्या घालाव्या लागतात. मधला जुना पडदा वापरता आला तरी एक बाजू नवी लागतेच. म्हणजे खऱ्या जुन्या लाकडाच्या जोडीत नवे आणि जुने यांतला फरक कुठेतरी दिसलाच पाहिजे. आमच्या कपाटांच्या चारही बाजूंचा रंग आणि लाकडाच्या रेषा अगदी सारख्या होत्या. विनियर चढवलेले प्लायवूड कापले की कडेचे थर उघडे पडतात, ते झाकायला लाकडी पट्टी लावावी लागते. इथे तशी पट्टी नव्हती, विनियरच कडेवर वळवलेले होते. स्पीकरचे कापड ठोकलेल्या बारीक खिळ्यांची भोके, वायर बाहेर काढण्याचे भोक, बटणांच्या जागा, यांपैकी कसलाही माग आतल्या बाजूला नव्हता. जुन्या संचात एका खाचेचे स्क्रू असतात आणि लोखंडी स्क्रूभोवतीचे लाकूड बहुधा काळे पडलेले असते. इथले सगळे स्क्रू चार खाचांचे आणि कोरे करकरीत होते. सुतारकाका म्हणाले, "वहिनी, ह्यात तुमच्या पेटीचं बोटभरसुद्धा लाकूड नाही."

मग पेटी कुठे गेली, हा प्रश्न उरला. दादाने जुन्या वस्तूंच्या विक्रीच्या संकेतस्थळांवर शोध सुरू केला आणि एका जाहिरातीत आमचा संच सापडला. झाकणाच्या उजव्या कोपऱ्यात उदबत्ती पडून झालेला लांबट काळा डाग होता, आणि बटणांपैकी तिसऱ्या पट्टीचा तुटलेला कोपरा वडिलांनी पिवळसर चिकटद्रव्याने जोडलेला होता, तोही तसाच. विक्रेता वेगळ्याच गावचा होता आणि त्याने संच चालू स्थितीत असल्याचे लिहिले होते.

डाग आणि तुटका कोपरा आपल्याला पुरेसा वाटतो, पण समोरचा सहज म्हणू शकतो की असे संच हजारो निघाले, आणि आम्हाला तेच ऐकवले गेले. आमची बाजू भक्कम झाली ती वडिलांच्या फायलीमुळे. एका रेडिओ दुरुस्ती करणाऱ्याची जुनी पावती तिच्यात होती आणि त्या काळच्या शिस्तीप्रमाणे त्यावर कंपनीचे नाव, मॉडेल आणि मागच्या पट्टीवरचा अनुक्रमांक लिहिलेला होता. आमच्या एका परिचितांनी खरेदीदार म्हणून मागच्या बाजूचे छायाचित्र मागवले. विक्रेत्याने ते पाठवले आणि क्रमांक जुळला. हा विक्रेता बहुधा स्वतःही अनभिज्ञ असावा, कारण त्याने संच कोणाकडून घेतला ते विनाखळखळ सांगितले.

यानंतर आम्ही वकिलांमार्फत नोटीस दिली आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज केला. विशिष्ट कामासाठी सोपवलेली वस्तू परस्पर विकणे हा केवळ कामातला हलगर्जीपणा नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली तो विश्वासघात ठरू शकतो आणि कलम ३१८ फसवणुकीचे आहे. "हा दिवाणी मामला आहे" असे सांगून बोळवण होण्याची शक्यता असते, म्हणून अर्जात वस्तू सोपवल्याची तारीख, काम कोणते ठरले होते आणि वस्तू नंतर कोणाकडे सापडली, हे तीन मुद्दे क्रमाने लिहावेत व अर्जाची पोच घ्यावी. नोटीस पोहोचल्यावर कार्यशाळेने घेतलेली पूर्ण रक्कम परत केली. संच मात्र तोवर तिसऱ्या हाती गेला होता आणि तो अद्याप मिळालेला नाही. वडील दर रविवारी सकाळी ज्याच्याजवळ बसत ती वस्तू पैशाने भरून येत नाही, आणि ती परत मिळावी यासाठी आमचा प्रयत्न चालूच राहील.

ज्यांना खरोखर पेटी कापूनच घ्यायची आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की आतली यंत्रे स्वतंत्रपणे काढून घ्यावीत. त्यासाठी व्हॉल्व्हचे काम जाणणारा जुना रेडिओ मेकॅनिक गाठावा. पुण्यात तपकीर गल्लीच्या परिसरात, मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारणा केली तर असा माणूस अजून सापडतो. त्याच्याकडून चेंजर, व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर यांची यादी लिहून घ्यावी. मागच्या पट्टीचे, क्रमांक वाचता येईल असे छायाचित्र काढावे. पेटीच्या प्रत्येक भागाच्या आतल्या बाजूला, जिथे पॉलिश चढणार नाही अशा ठिकाणी, सही करून त्याचेही छायाचित्र ठेवावे. कपाटे आल्यावर त्या सह्या शोधाव्यात. मजुरीच्या पावतीवर कोणता भाग जुन्या लाकडाचा असेल, कोणता नवा, नवा कशाचा, आणि उरलेले तुकडे परत मिळणार का, हे लिहून मागावे. आणि पहिला काप आपल्या डोळ्यांदेखत व्हावा, अशी अट घालावी. चांगल्या कारागिराला यातले काहीही जड जात नाही.

ज्यांनी असे फर्निचर आधीच करून घेतले आहे त्यांनी एकदा खण काढून, वस्तू उलटी करून आतली बाजू नीट पाहावी. शंका आली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर सल्ला मिळतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क लागत नाही, आणि स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. उशीर झाला तर त्याचे समाधानकारक कारण आयोगाला पटवून द्यावे लागते, म्हणून ही तपासणी पुढच्या पावसाळ्यावर टाकू नये.