आठ महिन्यांनी: एकच चार चॅनेलचा अँप, पुढचे दोन दरवाजे आणि डिक्कीतला सब

गाडीत अँप (आवाजाला ताकद देणारा अँप्लिफायर) आणि सब (खोल बेससाठीचा सबवूफर) बसवला, त्याच्या पहिल्याच आठवड्यात लिहायला बसलो असतो तर नुसतं कौतुक झालं असतं. नवीन बेस ऐकताना माणसाची अक्कल गहाण पडलेली असते. आता आठ महिने झालेत, कान ताळ्यावर आलेत.

आधी सगळा भार हेड युनिटवर, म्हणजे डॅशबोर्डातल्या स्टिरिओवर होता. त्याच्या खोक्यावर '५० वॅट × ४' असं छापलेलं. १४.४ व्होल्टचा पुरवठा आणि ४ ओहमचा स्पीकर धरून गणित मांडलं, तर आवाज न फाटता एका चॅनेलला जेमतेम २६ वॅटची मर्यादा निघते, आणि हातात पडतात पंधरा-वीस. माझे पुढचे कंपोनंट स्पीकर (ज्यांत तीक्ष्ण स्वरांचा छोटा ट्विटर वेगळा असतो) ७५ वॅट आरएमएसचे, म्हणजे सतत तेवढी ताकद पेलणारे. आवाज जरा चढवला की ट्विटर किंचाळायचे, आणि मी बिचाऱ्या स्पीकरलाच शिव्या घालायचो.

दरवाजांना दोन चॅनेलचा अँप आणि सबला वेगळा मोनो, म्हणजे एकाच चॅनेलचा, असा एक विचार होता. पण दोन अँप म्हणजे दुप्पट वायरिंग आणि दुप्पट जागा. शेवटी चार चॅनेलचा क्लास डी (वीज कमी वाया घालवणारा प्रकार) घेतला: पुढचे दोन चॅनेल दरवाजांना, मागचे दोन ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून, सबला. मागचे स्पीकर हेड युनिटवरच राहू दिले. निवडताना वॅटचा आकडा वाचायच्या आधी फ्यूज पाहिले, आणि ही सवय मी कुणालाही लावून घ्यायला सांगेन. माझ्या अँपवर २० अँपिअरचे दोन फ्यूज आहेत. ४० अँपिअर गुणिले गाडीचे १३.८ व्होल्ट म्हणजे साधारण ५५० वॅट आत जाणार. त्यातले ८० टक्के बाहेर आले तरी ४४०. कागदावर ४ ओहमला ७५ × ४ आणि ब्रिजला २२० लिहिलंय, ते यात बसतं. तेवढ्याच फ्यूजच्या दुसऱ्या एका अँपवर मात्र ठळक अक्षरात २००० वॅट!

आता फरकाचं. १८ वॅटवरून ७५ वर गेलो, म्हणजे चौपट. डेसिबलमध्ये ही वाढ सहाच्या आसपास, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला दहा लागतात. त्यामुळे 'गाडी हादरली' वगैरे काही झालं नाही. झालं ते असं, की पूर्वी ज्या पातळीला गाण्याचा चोथा व्हायचा तिथे आता तबल्याची शाई आणि चाट वेगवेगळी ऐकू येते. मला हेच हवं होतं.

पण हे पहिल्या दिवशी मिळालं नाही. सबला २ ओहमच्या दोन कॉइल आहेत. फिटरने त्या समांतर जोडल्या, म्हणजे १ ओहम. अँपला ब्रिजमध्ये ४ च्या खाली चालत नाही, कारण तेव्हा प्रत्येक चॅनेलला निम्मेच ओहम दिसतात. पंधरा मिनिटांत प्रोटेक्टचा, म्हणजे अँप स्वतःला वाचवायला बंद पडल्याचा, लाल दिवा. 'अँपच खराब आलाय' असं फिटरचं ऐकवून झालं. घरी येऊन मॅन्युअल वाचलं, कॉइल एकापुढे एक जोडल्या, ४ ओहम झाले आणि दिवा पुन्हा लागला नाही.

त्याच गृहस्थांनी गेनही पूर्ण फिरवून ठेवला होता. गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. हेड युनिटकडून येणाऱ्या सिग्नलशी अँपचा मेळ घालायची ती कळ आहे. स्पीकर सुटे केले, टोन कंट्रोल शून्यावर आणले, हेड युनिट तीन चतुर्थांशावर ठेवून १००० हर्ट्झचा टोन लावला आणि मल्टीमीटर एसीवर टाकला. ७५ वॅट गुणिले ४ ओहम, त्याचं वर्गमूळ १७.३, तेवढे व्होल्ट दिसेपर्यंत गेन वाढवला. कळ निम्म्यावरही पोचली नाही! याचा अर्थ आधी अँप सिग्नलची टोकं छाटतच वाजत होता. ट्विटर जळतात ते बहुतेक असेच. पुढच्या स्पीकरना ८० हर्ट्झला हायपास दिला, म्हणजे त्याखालचे स्वर अडवले; ते काम सबकडे.

इंजिनाबरोबर चढणारी शिट्टीही होती. अर्थिंगचा बोल्ट रंगावरच कसला होता. पत्रा घासून, अर्धा मीटरहून आखूड वायर टाकली, संपलं. दरवाजांना डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर दाबणारी) मात्र मी सहा महिन्यांनी लावली, हा शुद्ध आळस. पत्र्यातली भोकं बुजली तसा मिडबेस एकदम भरला. हे काम अँपच्या आधी करायला हवं होतं.

तक्रार एकच, आणि ती माझ्याच निवडीची. हेड युनिटला सबचं वेगळं आउटपुट नाही, म्हणून सब मागच्या आरसीएवर, म्हणजे मागच्या स्पीकरसाठीच्या सिग्नलच्या आउटपुटवर आहे. फेडर (पुढे-मागे आवाज वाटून देणारी कळ) पुढे सरकवला की मागच्या स्पीकरबरोबर सबही गप्प. अँपला बेसचा नॉबही नाही. जुन्या रेकॉर्डिंगला बेस वाढवायचा आणि नव्याला कमी करायचा, तर गाडी थांबवून डिक्की उघडायची. दोन महिने हे केलं. मग मागचे स्पीकरच सोडवले, सबचा गेन किंचित वाढवला, आणि आता फेडर हाच माझा बेसचा नॉब. मागच्या सीटवरून अजून कुणी विचारलेलं नाही.