एर्तुग्रुलचा पिता कोण: सुलेमान शाह की गुंदुझ आल्प?

ऑटोमन घराण्याची वंशावळ मांडताना घराण्याचा संस्थापक उस्मान आणि त्याचे वडील एर्तुग्रुल यांच्यापर्यंत फारशी अडचण येत नाही. अडचण येते ती एर्तुग्रुलच्या वडिलांचे नाव लिहिताना. तेथे सुलेमान शाह आणि गुंदुझ आल्प अशी दोन नावे समोर येतात, आणि लेख, व्याख्यान किंवा वंशवृक्ष तयार करणाऱ्याला त्यांतले एक पुढे ठेवावेच लागते.

सुलेमान शाह हे नाव कितीतरी अधिक परिचित आहे. आशिकपाशाझादे आणि नेश्री या 15व्या शतकाच्या उत्तरार्धातील इतिवृत्तकारांच्या कथेनुसार तो आपल्या लोकांना घेऊन पूर्वेकडून अनातोलियात (आजच्या तुर्कीच्या आशियाई भागात) आला, परतीच्या वाटेवर जाबर किल्ल्याजवळ फरात (युफ्रेटिस) नदी ओलांडताना बुडाला आणि तेथेच त्याचे दफन झाले. पुढे हीच कथा घराण्याची अधिकृत कथा ठरली. तिचे वजन इतके, की 1921 मध्ये, सीरिया फ्रान्सच्या ताब्यात असताना, फ्रान्स आणि तुर्की यांच्यात अंकारा येथे झालेल्या करारात सीरियातील ही कबर तुर्कीची मालमत्ता राहील असे कलम घातले गेले. धरणाच्या जलाशयात जागा बुडणार म्हणून 1973 मध्ये ती उत्तरेकडे हलवली गेली आणि फेब्रुवारी 2015 मध्ये सीरियातील युद्धामुळे तुर्की सैन्याने तेथील अवशेष सीमेलगत आणले. मात्र कबरीवरून श्रद्धा किती खोल आहे हे कळते, पितृत्व सिद्ध होत नाही.

या कथेची खरी दुबळी बाजू वेगळीच आहे. ऑटोमनांच्या आधी अनातोलियावर राज्य करणाऱ्या सेल्जुक तुर्कांच्या सल्तनतीचा संस्थापक सुलेमान बिन कुतुल्मिश 1086 मध्ये अलेप्पोजवळच्या लढाईत मारला गेला, आणि त्याचा मुलगा किलिज अर्सलान 1107 मध्ये फरातला मिळणाऱ्या खाबूर नदीत बुडाला. नाव, प्रदेश आणि नदीत बुडून आलेला मृत्यू हे तिन्ही धागे या पितापुत्रांच्या चरित्रांत आधीच सापडतात. एर्तुग्रुलचा मृत्यू सुमारे 1280 चा मानला जातो. म्हणजे जवळजवळ दोन शतकांपूर्वीच्या सेल्जुक आठवणी ऑटोमन पूर्वजाला चिकटल्या असाव्यात, हा अभ्यासकांचा तर्क मला पटतो. ज्या काळात ही कथा रुजली तोही लक्षात घ्यावा. 1402 मध्ये तैमूरकडून झालेल्या पराभवानंतर घराण्याला प्रतिष्ठित वंशाची गरज तीव्रतेने भासू लागली होती, आणि सुलतान दुसऱ्या मुरादने तर आपल्या नाण्यांवर, घराणे जिचा वंश सांगत असे त्या कायी या तुर्क टोळीचे चिन्हही कोरवले.

गुंदुझ आल्पच्या बाजूने पुरावा थोडा आहे, पण तो कथेच्या मोहापासून दूर आहे. एन्वेरी या ऑटोमन कवीच्या 1465 च्या पद्य इतिहासात आणि 1481 मध्ये मारला गेलेला वजीर करामानी मेहमेद पाशा याच्या वृत्तान्तात एर्तुग्रुलचा पिता म्हणून त्याचेच नाव येते. शिवाय उस्मानच्या एका नाण्यावरील लेख तुर्की नाणेतज्ज्ञ इब्राहिम आर्तुक यांनी ‘उस्मान बिन एर्तुग्रुल बिन गुंदुझ आल्प’ असा वाचला. नाण्यावर साल नाही आणि काही अभ्यासकांना त्याविषयी शंका आहे. तरीही ते अस्सल असेल, तर उस्मानने स्वतःच्या आजोबांचे नाव सांगणे आणि सुमारे दोनशे वर्षांनंतर कोणीतरी ते सांगणे यांत फार मोठे अंतर पडते. बखर आणि समकालीन कागद यांतला फरक मराठी वाचकाला नव्याने सांगायला नकोच. उस्मानच्या एका भावाचे नावही परंपरेत गुंदुझ असेच येते, आणि आजोबांचे नाव नातवाला देण्याची रीत पाहता हा जुळणारा दुवा आहे. उस्मानचा मुलगा ऑर्हान याच्या मुलाचे नाव सुलेमान होते, असे उलट बाजूने म्हणता येईल. पण ते इस्लाममधील एका संदेष्ट्याचेही नाव असल्याने सर्वत्र प्रचलित होते, म्हणून त्याला फारसे वजन देता येत नाही.

वंशवृक्ष किंवा कालपट तयार करत असाल, तर एर्तुग्रुलच्या वर ‘बहुधा गुंदुझ आल्प’ असे लिहावे आणि तळटीपेत सुलेमान शाहची परंपरा नोंदवावी. विषय फरातकाठची कबर, 1921 चा करार किंवा 15व्या शतकातील दरबारी इतिहासलेखन असेल, तर सुलेमान शाहचे नाव पुढे ठेवणे योग्य, कारण तेथे प्रश्न लोकांनी काय मानले याचा असतो. दोघांना पितापुत्र ठरवून एकाच ओळीत बसवण्याचा सोपा मार्ग मात्र टाळावा, कारण त्याने दोन वेगळ्या परंपरांमधला भेद पुसला जातो.